इजिप्तचा सिंहपंजा अमेरिकेच्या टेबलाखाली कसा आला?

पटाशी

नमस्कार मंडळी. फर्निचरवर इथे फारसे धागे निघत नाहीत, पण हा विषय गेला महिनाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मी अधूनमधून जाते. यावेळी पहिल्यांदाच एका दुपारी दोन दालनं पाठोपाठ पाहिली, आधी इजिप्तचं आणि मग जुन्या अमेरिकन फर्निचरचं. इजिप्तच्या संग्रहात राणी हेतेफेरेसच्या खुर्चीची प्रतिकृती आहे. ही खुफूची आई, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा त्या राजाची. काळ सुमारे ४६०० वर्षांपूर्वीचा. १९२५ साली हार्वर्ड आणि बोस्टन संग्रहालयाच्या मोहिमेला गिझाला तिच्या सामानाची कोठडी सापडली. जॉर्ज रायस्नर मोहिमेचा प्रमुख होता. आतल्या लाकडाचा भुगा झालेला, उरला होता तो त्याच्यावरचा सोन्याचा पत्रा. कुठला तुकडा कुठे पडलाय याची नोंद ठेवत त्या लोकांनी खुर्ची, पलंग आणि पलंगावरचा मांडव पुन्हा उभा केला. मूळ ऐवज इजिप्तमध्येच आहे.

त्या खुर्चीचे पाय सिंहाचे आहेत. पण नीट बघा: पुढचे दोन हे सिंहाचे पुढचे पाय आहेत आणि मागचे दोन मागचे, सांध्याच्या वळणासकट. चारही पंजे समोरच्या दिशेला. सिंह उभा आहे आणि त्याच्या पाठीवर राणी बसलीय. पंज्यांखाली प्रत्येकी एक छोटा गोल ठोकळा दिलाय, त्यामुळे पंजा जमिनीला टेकतच नाही. हातांच्या खालच्या रिकाम्या जागेत पपायरसच्या तीन फुलांची जुडी बांधलेली. मी तिथे अर्धा तास उभी होते.

मग अमेरिकन दालनात गेले. १८२० च्या आसपासचं महोगनीचं एक टेबल, दोन खिडक्यांमधल्या भिंतीला लावायचं असतं तसलं. वर संगमरवर, पुढे खांब आणि खाली भलेथोरले सिंहपंजे. मनात लगेच रेघ ओढली गेली, गिझा ते बोस्टन. घरी येऊन वाचायला लागले तेव्हा कळलं की ती रेघ सरळ नाही, आणि जिथे ती वाकते तिथेच सगळी गंमत आहे.

आधी सर्वांना ठाऊक असलेला भाग थोडक्यात. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तवर चालून गेला, सैन्याबरोबर दीडशेहून जास्त विद्वान आणि चित्रकार घेऊन. १८०१ मध्ये फ्रेंचांना तिथून निघावं लागलं. मोहीम फसली, पण कागद परत आले. व्हिव्हाँ देनोँ हा चित्रकार सैन्याच्या तुकडीबरोबर थेट दक्षिण इजिप्तपर्यंत गेला होता. त्याचं सचित्र प्रवासवर्णन १८०२ मध्ये पॅरिसला निघालं आणि १८०३ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती न्यूयॉर्कमध्येही छापली गेली. सरकारी खर्चाने काढलेलं 'इजिप्तचं वर्णन' १८०९ पासून खंडाखंडाने येत राहिलं, पण ते प्रचंड आकाराचं आणि श्रीमंतांच्याच आवाक्यातलं. देनोँचं पुस्तक मात्र हातोहात फिरलं.

त्याच १८०३ मध्ये शार्ल-ओनोरे लानुइए नावाचा चोवीस वर्षांचा फ्रेंच कारागीर न्यूयॉर्कला उतरला. त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की मी फ्रान्सहून आलोय, ताज्या फ्रेंच पद्धतीचं फर्निचर करतो, आणि येताना पितळी व मुलामा दिलेली नक्षी, कुलपं, नवे नमुने बरोबर आणलेत. ही जाहिरात मला फार बोलकी वाटते. शैली जहाजातून येते ती अशी, खिळ्यांच्या आणि कुलपांच्या पेटीतून. पुढे त्याच्या सामानावर जी छापील चिठ्ठी असायची ती फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होती, कारण त्याला दोन्हीकडचं गिऱ्हाईक हवं होतं. १८१९ मध्ये तो वारला. जेमतेम सोळा वर्षांचं काम, आणि त्या शहराच्या फर्निचरचा चेहरा बदलला.

या लाटेतून अमेरिकेच्या फर्निचरवर इजिप्तच्या म्हणून ज्या गोष्टी आल्या त्या बघा. डोक्यावर राजाचं पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र घेतलेली पितळी मुंडकी, खांबाच्या वर डोकं आणि तळाशी दोन अनवाणी पावलं, मधलं शरीर गायब. स्फिंक्स. कमळाच्या किंवा ताडाच्या पानांचे खांबाचे माथे. पंख पसरलेली सूर्यचकती. वर जाताना निमुळते होणारे, देवळाच्या दारासारखे आकार.

आता यातली कुठली गोष्ट इजिप्तच्या फर्निचरवरून आली? जवळजवळ एकही नाही. सगळ्या देवळांच्या आहेत, दगडाच्या. कपाटाच्या कोपऱ्यावर बसवलेला तो पट्ट्यांचा मुकुट मुळात वीस-वीस फुटी दगडी पुतळ्यांवरचा. ज्या पेठेत लानुइए, डंकन फाइफ आणि त्यांचे शेजारी कामं करत होते, तिथल्या कुणीही प्राचीन इजिप्तची खरी लाकडी खुर्ची डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तुतनखामेनचं थडगं उघडलं १९२२ मध्ये, हेतेफेरेसची कोठडी १९२५ मध्ये. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी.

आणि ज्या सिंहपंज्याला ते कारागीर रोमन समजत होते, तोच खरा इजिप्तच्या सुताराचा होता! इजिप्तच्या सिंहपायाच्या खुर्च्या आणि पलंग ग्रीकांनी घेतले, ग्रीकांकडून रोमनांनी. रोमनांनी संगमरवरी टेबलांना सिंहाचे पाय दिले. १७४८ पासून पॉम्पेई उकरायला सुरुवात झाली तेव्हा ती टेबलं वर आली. तिथून पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क. घडीच्या स्टुलाचीही तीच कथा. फुलीसारख्या पायांचा घडीचा स्टूल इजिप्तमध्ये होता, पायांची टोकं बदकाच्या माना करून कोरलेली. रोममध्ये तो अधिकाऱ्याचं आसन झाला. डंकन फाइफच्या कारखान्यात फुलीच्या पायांच्या खुर्च्या झाल्या त्या रोमच्या नावाने.

म्हणजे ज्याला ते इजिप्त म्हणून मिरवत होते ते वरवर ठोकलेलं पितळ होतं, आणि ज्याच्यावर टेबल उभं होतं तो इजिप्त त्यांना ओळखता आला नाही. मला हे सांगायचं होतं. इथल्या सुतारकाम जाणणाऱ्यांनी आणि इतिहासवाल्यांनी यात भर घालावी, चुकत असेल तर सांगावं.


दूरदेशी

सुंदर लेख. वाचनखूण साठवली आहे.

मी बडोद्याची. सयाजीबागेतल्या संग्रहालयातली ममी बघायला शाळेची सहल जायची, इजिप्त म्हटलं की आजही तो अंधारा कोपरा आठवतो. आता न्यू जर्सीत असल्यामुळे मेट्रोपॉलिटन संग्रहालय जवळ आहे. तिथे लानुइएची पत्त्यांची टेबलं बघितलीत. टेबलाला खाली एक सोनेरी पंखांची बाई आहे, ती वरची फळी डोक्यावर तोलून धरते. ती आयसिस ना? आयसिसला पंख असतात म्हणून मी मैत्रिणीला तसं सांगून मोकळी झाले होते.


पटाशी

दूरदेशी, धन्यवाद. ती बाई आयसिस नव्हे असं माझं मत आहे. इजिप्तच्या चित्रांत आयसिसचे पंख हातांना जोडलेले असतात, हात पसरले की पंख पसरतात. लानुइएच्या मूर्तीचे पंख खांद्यामागून निघतात. ती ग्रीक-रोमन विजयदेवतेची बहीण आहे, आणि ती आली नेपोलियनच्या दरबारी सजावटकारांच्या, म्हणजे पर्सिए आणि फोंतेन यांच्या चित्रसंग्रहातून. त्यांच्या पानांवर ग्रीस, रोम आणि इजिप्त एकाच खोलीत नांदतात.

पण तुमचा घोटाळा अगदी रास्त आहे, कारण त्या काळच्या गिऱ्हाइकालाही यात फार फरक वाटत नसावा. 'प्राचीन' हाच एक मोठा देश होता.

तिच्या पायाशी बघा पुढच्या वेळी. पंजे काळपट हिरवे दिसतील.


रंधा

हिरव्या पंज्यांबद्दल मी लिहितो, माझा प्रांत आहे.

त्याला तिकडे 'प्राचीन हिरवा' अशा अर्थाचं फ्रेंच नाव आहे. जमिनीतून निघालेलं जुनं कासं जसं हिरवं पडतं तसा रंग लाकडाला द्यायचा. पंजा कोरायचा साध्या लाकडातून, त्यावर हिरवा-काळा रंग, आणि उठावाच्या जागी सोनं घासून लावायचं म्हणजे झिजलेल्या धातूचा भास होतो. शेजारी मूर्तीला लखलखीत सोन्याचा वर्ख. वर्ख थेट लाकडावर बसत नाही. आधी खडू आणि सरस यांचा लेप, थरावर थर, प्रत्येक थर वाळवून घासायचा. मग तांबडी माती, मग वर्ख, मग अकीकाच्या दगडाने घोटायचं. मी स्वतः एक हातभर चौकट केली आहे, पाच दिवस लागले. तिथे पूर्ण मूर्ती आहेत!

म्हणजे बघा, लाकूड आहे, पण ते कासं असल्याचं सोंग आहे, आणि सोन्याखाली खडू आहे. इजिप्तचा सुतारही हेच करत होता. खडूचा लेप, त्यावर सोनं. तिकडे लाकडाची फार टंचाई. बाभळीच्या जातीची झाडं, झाऊ, आणि आपल्या उंबराच्या भावकीतलं एक झाड, एवढंच घरचं. मोठी सरळ फळी हवी तर लेबनॉनहून देवदार आणायचा, काळं लाकूड दक्षिणेकडून. म्हणून ते लोक लहान लहान तुकडे सांधून फळी करायचे, कुसू-भोकाचे सांधे आणि लाकडी खुंट्या वापरून, आणि वरून लेप देऊन सांधा झाकायचे. न्यूयॉर्कवाल्याकडे महोगनीचे ओंडकेच्या ओंडके येत होते, त्याला टंचाई कसली. तरी तंत्र तेच.

पटाशी, तुमचा पंज्यांच्या दिशेचा मुद्दा मला सगळ्यात आवडला. मी त्याच्यावर लाकडात काहीतरी करून बघणार आहे, मग लिहितो.


संशयात्मा

लेख चांगला आहे, पण दोन आक्षेप.

पहिला. अमेरिकेच्या कारागिरांसमोर इजिप्तच्या खुर्च्या आल्याच नव्हत्या हे पूर्ण खरं नाही. 'इजिप्तचं वर्णन'मध्ये राजांच्या खोऱ्यातल्या एका थडग्याच्या भिंतीवर रंगवलेल्या खुर्च्यांचं रंगीत पान आहे. ते तिसऱ्या रामसेसचं थडगं. गादीच्या, हातांच्या, सिंहपायाच्या खुर्च्या, अगदी कापडावरच्या नक्षीसकट. प्रत्यक्ष लाकूड नसेल पाहिलं, चित्र उपलब्ध होतं.

दुसरा. याला इजिप्तचा प्रभाव म्हणायचं की फ्रान्सचा? मालक श्रीमंत व्यापारी, त्याला पॅरिससारखं घर हवं. पॅरिसने उद्या चीनची नक्षी काढली असती तर त्याने ती घेतली असती. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला नाईलशी काय देणंघेणं?


पटाशी

पहिला आक्षेप मान्य, आणि मनापासून आभार. मी 'पाहिलेली नव्हती' लिहिताना खऱ्या लाकडी खुर्चीबद्दल लिहिलं होतं, पण ते चित्र सांगायलाच हवं होतं. मात्र त्याने माझा मुद्दा उलट घट्ट होतो असं वाटतं. खुर्चीचं चित्र छापलेलं होतं, कुणी मागितलं असतं तर मिळालं असतं. तरी खुर्ची घ्यायची कुणाला सुचली नाही. सगळ्यांनी घेतली ती देवळाची डोकी आणि देवळाचे खांब. इजिप्त म्हणजे अजस्र, इजिप्त म्हणजे न झिजणारं, हे आधीच ठरलेलं होतं. त्या अपेक्षेत हलकी, रंगीत, गादीची खुर्ची बसत नव्हती.

दुसरा आक्षेप अर्धा मान्य. फर्निचरपुरती ही फ्रेंच, आणि बरीचशी इंग्रजी वाट आहे. लंडनमध्ये टॉमस होपने आपल्या घरात इजिप्तची आख्खी खोली सजवली होती आणि १८०७ मध्ये तिची चित्रं छापली. त्याच पुस्तकात तो इतरांना बजावतो की लाकडी पट्ट्या आणि गिलावा, कापड आणि कागद यांतून इजिप्तची नक्कल करू नका, हसं होईल. जे भव्य आहे ते टिकाऊ साहित्यातच शोभतं. स्वतः खोली करून झाल्यावर दिलेला इशारा, पण इशारा खराच आहे आणि माझ्या दगड-लाकडाच्या मुद्द्याचा तो सगळ्यात जुना साक्षीदार आहे.

पण अमेरिकेला नाईलशी काही देणंघेणं नव्हतं, हे मात्र पटत नाही. देशाच्या राजमुद्रेच्या मागच्या बाजूला अपुरा पिरॅमिड आणि वर डोळा आहे, तो १७८२ चा. नेपोलियन तेव्हा बारा वर्षांचा पोरगा होता! राजा नसलेलं नवं राष्ट्र, इतिहास जेमतेम काही वर्षांचा, आणि त्याला 'आम्ही टिकणार' असं म्हणायचंय. मग टिकण्याची खूण कुठून घ्यायची? बेंजामिन लाट्रोब या वास्तुकाराने १८०८ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनातल्या ग्रंथालयासाठी इजिप्तच्या धर्तीचा आराखडा केला होता. तो बांधला गेला नाही, पण विचार तर झाला.

त्याच लाट्रोबने १८०९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासासाठी खुर्च्या काढून दिल्या. बाल्टिमोरच्या जॉन आणि ह्यू फिनली या भावांनी त्या रंगवून तयार केल्या, ३६ खुर्च्या आणि त्यांच्याबरोबरचे कोच. आकार ग्रीक. १८१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी ते घर जाळलं, त्यात सगळं गेलं. उरली ती लाट्रोबची चित्रं. त्या खुर्च्यांबद्दल वाचताना मला फार हळहळ वाटते.

त्याच युद्धात बाल्टिमोर लढलं आणि टिकलं. मेलेल्यांसाठी तिथे जे स्मारक उभारायला घेतलं, १८१५ मध्ये, त्याचा पाया इजिप्तच्या थडग्यासारखा आहे. मॅक्सिमिलियन गोदफ्रुआ या फ्रेंच माणसाची रचना, संगमरवराचे १८ थर, तेव्हाच्या १८ राज्यांसाठी. म्हणजे एकाच गावात, पाच-सहा वर्षांच्या अंतराने, दिवाणखान्याला ग्रीस आणि मृतांना इजिप्त.


अक्षरवेल

सगळे नक्षीबद्दल बोलताहेत, मला लाकडाबद्दल बोलायचंय.

रंधांनी लिहिलं की महोगनीचे ओंडकेच्या ओंडके येत होते. ते आणले कुणी? होंडुरासच्या आखाताकाठी, म्हणजे आजच्या बेलीझमध्ये, महोगनीची तोड गुलामांकडून करून घेत. झाडं जंगलात विखुरलेली असतात, म्हणून आधी एक जाणता माणूस उंचावर चढून पानांच्या रंगावरून झाड हुडकायचा. मग टोळी जाऊन तोडायची, बैलांनी ओढून नदीपर्यंत आणायची, पाऊस सुरू झाला की पाण्यातून सोडायची. झाड हुडकणारा तो माणूसही गुलामच. त्याच्या डोळ्यांवर सगळा धंदा उभा होता. हैती आणि क्यूबाकडूनही लाकूड यायचं.

आणि टेबल विकत घेणाऱ्याचा पैसा कशातून आला हे बघायला गेलं तर साखर, कापूस, जहाजं हेच पुन्हा पुन्हा येतं. गुलामांच्या कष्टाने आलेल्या लाकडावर फेअरोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं, डोकं ठोकलं जात होतं, आणि अमेरिकेतले गुलाम चर्चमध्ये मोझेसची गोष्ट गात होते, फेअरोच्या तावडीतून सुटलेल्या लोकांची. एकाच देशात इजिप्तचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी जगत होते. या धाग्यात त्याचा उल्लेख नसता तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं.


पटाशी

अक्षरवेल, प्रतिसाद दोनदा वाचला. मोझेसचा धागा माझ्या मनातही आला नव्हता. संग्रहालयातल्या पाटीवर 'महोगनी' एवढाच शब्द असतो, यापुढे तो वाचताना उंचावर चढलेला माणूस दिसेल.


रंधा

अक्षरवेल, अनुमोदन. पानांचा रंग बघून झाड ओळखणं ही विद्या आहे, आणि तिच्यावर कुणाचीही छापील चिठ्ठी लागली नाही.


जुनंपानं

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे न्यूयॉर्कची एक जुनी हातांची खुर्ची आहे. काळं लाकूड, हातांच्या पुढच्या टोकांना सोनेरी मुंडकी, तेच पट्ट्यांचं वस्त्र, आणि लाकडावर बारीक सोनेरी रेघा कोरलेल्या. मालकांचं म्हणणं १८१० ची, लानुइएच्या काळची. तुम्हाला काय वाटतं?


पटाशी

प्रत्यक्ष न बघता ठामपणे सांगणं बरं नाही, पण वर्णनावरून ही साठ वर्षांनंतरची वाटते. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला आणि इजिप्तची दुसरी लाट आली. न्यूयॉर्कला पॉटिए आणि स्टायमस यांचा मोठा कारखाना होता, १८७० च्या दशकात त्यांच्याकडून अशा खुर्च्या निघाल्या. काळं केलेलं लाकूड आणि कोरून सोनं भरलेल्या रेघा, ही त्या दशकाची सवय. लानुइएच्या पिढीला तांबूस महोगनीचा वाहता पोत दाखवायचा असायचा, तो काळा करून टाकणं त्यांना रुचलं नसतं.

खुर्ची उलटी करून खाली बघा. आतल्या लाकडावर गोल करवतीच्या वळणदार खुणा आहेत का? असल्या तर १८१० विसरा. नसल्या तरी एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून जाणकाराला दाखवा. दुसऱ्या लाटेची असली तरी ती तोलामोलाची वस्तू आहे, मालकांनी खट्टू होऊ नये.


वाडासंस्कृती

आपल्याकडे सिंहासन हा शब्दच आहे. सिंहाच्या पायांची आसनं आपल्या जुन्या शिल्पांत भरपूर. मग इजिप्तकडून आपल्याकडे, की आपल्याकडून तिकडे?


पटाशी

सिंहासनाचा प्रश्न येणार हे वाटलंच होतं :) दोन्हीकडे सिंह आहे म्हणून एकाने दुसऱ्याकडून घेतला असं म्हणता येत नाही. सिंह जिथे जिथे होता तिथे तिथे राजाला त्याच्या पाठीवर बसावंसं वाटलं असेल. इजिप्त ते ग्रीस ते रोम ही वाट वस्तूंनी दाखवता येते, म्हणून तिच्याबद्दल बोलते. भारताचं सिंहासन हा वेगळा आणि मोठा विषय आहे. तुम्ही लिहा ना त्याच्यावर, मी पहिली वाचक.


वैद्यबुवा

बोस्टनचा विषय निघालाय म्हणून एक भर. मी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या परिसरात अनेक वर्षं काम केलं. तिथे ईथर डोम नावाचं जुनं शस्त्रक्रियागृह आहे, १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये ईथरने भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली ती जागा. तिथे एका कोपऱ्यात खरीखुरी ममी आहे. नाव पाडिहर्शेफ. १८२३ मध्ये स्मर्नाच्या (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) व्हॅन लेनेप नावाच्या डच व्यापाऱ्याने ती बोस्टनला पाठवली, आणि रुग्णालयाकडे सोपवली गेली. आख्ख्या शवपेटीसह अमेरिकेत आलेल्या पहिल्यावहिल्या ममींपैकी ती एक.

आता फर्निचरवाल्यांसाठी. तेव्हा ती लोकांना तिकीट लावून दाखवली, रुग्णालयासाठी पैसे जमावेत म्हणून. कुठे? डॉगेट यांच्या कलादालनात. जॉन डॉगेट म्हणजे आरशांच्या आणि चित्रांच्या चौकटी करणारा, त्यांच्यावर सोन्याचा वर्ख चढवणारा त्या गावातला नामांकित कारागीर.


पटाशी

वैद्यबुवा!! इतकी वर्षं या गावात राहून मला हे माहीत नव्हतं.

म्हणजे १८२३ च्या बोस्टनमध्ये सोनेरी चौकटींच्या मधोमध खरी इजिप्तची लाकडी पेटी ठेवलेली होती. रंगवलेली, लेप दिलेली, सांधे झाकलेली. मी वर लिहिलं की कुणी खरं लाकूड पाहिलं नव्हतं. खुर्ची नाही, पण पेटी तर पाहिली! आणि वर्ख चढवणाऱ्याच्याच दालनात. त्याच्या दुकानातल्या पोरांनी त्या पेटीच्या कडा वाकून बघितल्या नसतील असं मला वाटत नाही. लाकडावर खडूचा लेप बघून त्यांना तो ओळखीचाच वाटला असेल.

पाडिहर्शेफ जिवंतपणी काय करायचा, हे कळलंय का?


वैद्यबुवा

हो, पेटीवरच्या लेखावरून. इजिप्तच्या प्राचीन थीब्ज शहरातल्या थडग्यांच्या भागात दगड फोडणारा, म्हणजे पाथरवट. तो जाऊन अडीच हजारांहून जास्त वर्षं झाली. अधूनमधून त्याच्या चेहऱ्यावर क्षार साचतात, मग ते जाणकारांकडून हलक्या हाताने पुसून घ्यावे लागतात.

डोम बघायला लोकांना सोडतात, मात्र आत बैठक चालू नसेल तेव्हा. जाण्याआधी चौकशी करा.


दूरदेशी

पाथरवट! धाग्याचा पहिला मुद्दाच दगड आणि लाकूड, आणि लाकडी पेटीतून आला तो दगडवाला. पटाशी, शनिवारी जाणार असाल तर कळवा, मी न्यू जर्सीहून गाडी काढते.


रंधा

कळवतो म्हटलं होतं, म्हणून.

हेतेफेरेसच्या खुर्चीचे फोटो समोर ठेवून एक बुटका स्टूल करायला घेतलाय, सागवानात, कारण तेच हाताशी आहे. पुढचे दोन पाय झाले. हे तुलनेने सोपे, जवळजवळ सरळ उतरतात, खाली पंजा.

मागचे दोन कठीण. मागच्या पायाला वरून मांडी, मग सांधा मागे जातो, मग पुन्हा पुढे येऊन पंजा. एका फळीतून कापलं तर त्या वळणात रेषा तुटते आणि तिथेच पाय मोडतो. पहिला असाच मोडला. मग शोधत शोधत एक नैसर्गिक वाकलेली फांदी घेतली, तिच्यात रेषा वळणाबरोबर वळते. इजिप्तचे सुतारही असं वाकडं लाकूड निवडून वापरायचे असं वाचलं होतं, पण ते का, हे पाय मोडल्यावर समजलं. न्यूयॉर्कवाल्याने चारही पंजे सारखे करून बाहेर वळवले, त्यात दिसायला तोल येतो आणि एकच फर्मा चारदा चालतो. सिंहाला मागचे पाय द्यायचे तर दोन फर्मे आणि वाकडी फांदी हवी.

पंज्यांखालचे ते गोल ठोकळे मी कातून वेगळे केलेत आणि खुंटीने बसवलेत, चिकटवलेले नाहीत. फरशी पुसताना पाणी लागणार ते त्यांना, कुजले तर बदलता येतील. चौथा पाय झाला की फोटो टाकतो.